अन्यायी कारभारी आणि गटाची घाई

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय एका कारभाऱ्याच्या दाखल्याने, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेने, सुरू होतो. हा कारभारी धन्याची मालमत्ता उधळतो, अशी तक्रार धन्याच्या कानावर जाते. धनी हिशेब मागतो आणि कामावरून काढत असल्याचे सुनावतो. कारभारी मनाशी म्हणतो, खणायला अंगात बळ नाही आणि भीक मागायची लाज वाटते. मग तो धन्याच्या कर्जदारांना एकेक करून बोलावतो. शंभर मापे तेल देणे असलेल्याला म्हणतो, हा घे तुझा कागद, लवकर बस आणि पन्नास लिही. शंभर मापे गहू देणे असलेल्याला ऐंशी लिहायला लावतो. इथवर गोष्ट सरळ आहे. नोकरी जाता जाता एका लबाडाने आपली पुढची सोय लावून घेतली. पण आठव्या वचनात धनी त्याचीच वाखाणणी करतो आणि नवव्या वचनात येशू शिष्यांना सांगतो की अनीतीच्या धनाने स्वतःसाठी मित्र जोडा.

बायबल अभ्यासाच्या गटात हा उतारा निघाला की पहिल्या दहा मिनिटांत बहुधा तीनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी म्हणते, देवाचे विचार आपल्या विचारांहून उंच आहेत, आणि सगळे मान डोलावतात. किंवा कोणीतरी फोन काढून पहिले सापडलेले स्पष्टीकरण वाचून दाखवते. नाहीतर गटप्रमुख विचारतो, ‘ह्यातून आपण काय शिकतो?’ मग ‘पैसा जपून वापरावा’ इथे येऊन सगळ्यांची सुटका होते. पैसा जपून वापरायला कोणाचीच हरकत नाही, पण ते ह्या दाखल्यात नाही. दाखल्यातल्या माणसाने पैसा जपलेला नाही. त्याने दुसऱ्याचा पैसा सढळ हाताने सोडला आहे.

अवघड उतारा गटाने वाचावा असे माझे ठाम मत आहे. मात्र उत्तर मिळवण्यासाठी नव्हे, चुकीची उत्तरे गाळण्यासाठी. एकट्या वाचकाला आपण उताऱ्यात पदरचे काय घातले ते दिसत नाही, समोरच्याला चटकन दिसते. गटाचे खरे बळ एवढेच. ज्या गटाला हे गाळण्याचे काम जमत नाही, त्याच्यापेक्षा एखादे बरे भाष्य घेऊन कोपऱ्यात बसलेला वाचक बरा.

ह्या मताला दोन बाजूंनी विरोध होतो. पहिली बाजू म्हणते, अवघड वचने पाळकांवर सोडा, सामान्यांनी त्यात पडू नये. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातच मान्य केले आहे की पौलाच्या पत्रांत समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत आणि अज्ञानी, अस्थिर माणसे त्यांचा विपर्यास करतात (3:16). लूकनेच लिहिलेल्या प्रेषितांच्या कृत्यांत कूश देशाचा एक षंढ अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत असतो. वाचता ते समजते का, असे फिलिप्प हा शुभवर्तमान सांगणारा विचारतो तेव्हा तो अधिकारी म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार? पण त्याच पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक खुद्द पौलाचे बोलणे शास्त्रात तसेच आहे का, हे रोज तपासतात आणि लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. म्हणजे शिकवणाराही हवा आणि शिकवणाऱ्याला तपासणारेही हवेत. नुसता शिकवणारा ठेवून तपासणाऱ्यांना घरी पाठवण्याची सोय ह्या पुस्तकाने कोणालाच दिलेली नाही.

तरी ती सोय अनेकांनी करून घेतली. झुरिकमध्ये 1525 सालापासून झ्विंग्ली ह्या धर्मसुधारकाने सामूहिक अभ्यासाची एक पद्धत चालवली. एकच उतारा लॅटिन, हिब्रू आणि ग्रीकमध्ये वाचायचा, विद्वानांनी त्यावर चर्चा करायची आणि शेवटी लोकांना समजेल अशा जर्मनमध्ये तो मांडायचा. ह्याच धर्तीच्या बैठका पुढे इंग्लंडमध्ये सुरू झाल्या. तिथे धर्मगुरू जमून एका उताऱ्यावर पाळीपाळीने बोलत आणि सामान्य लोक ऐकायला येत. पहिली एलिझाबेथ राणी ह्यावर बिथरली. 1576 साली तिने कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड ग्रिंडल यांना ह्या बैठका बंद करायला सांगितले. ग्रिंडल यांनी लेखी नकार दिला आणि 1577 मध्ये त्यांचे अधिकार काढून घेण्यात आले. राणीला वचनांच्या अर्थाशी फारसे देणेघेणे होते असे वाटत नाही. एका उताऱ्यावर दोन धर्मगुरू लोकांसमक्ष वेगवेगळे बोलतात, हे दृश्यच तिला धोक्याचे वाटले असावे. आज कोणी आर्चबिशपला घरी बसवत नाही. पण गटात मतभेद दिसला की विषय बदलणारा प्रमुख त्याच भीतीपोटी तसे करतो.

शिवाय अवघड वचने पाळकांवर सोडली म्हणजे पाळक ती घेतातच, असेही नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या ‘रिवाइज्ड कॉमन लेक्शनरी’ ही 1992 साली आलेली वाचनसूची वापरतात. तिच्या तीन वर्षांच्या रविवारच्या चक्रात शास्ते ह्या एकवीस अध्यायांच्या पुस्तकातला एकच तुकडा येतो, चौथ्या अध्यायाची पहिली सात वचने. इफ्ताहाने नवसापायी मुलीचा बळी दिला तो अकरावा अध्याय नाही, एका लेव्याच्या, म्हणजे याजककुळातल्या माणसाच्या, उपपत्नीवर रात्रभर अत्याचार होतो तो एकोणिसावाही नाही. रविवारच्या उपासनेची मर्यादा समजण्यासारखी आहे. समोर लहान मुले असतात आणि उपदेशाला वीस मिनिटे मिळतात. पण मग हे अध्याय वाचायचे कुठे? घरी, एकट्याने, कोणाशीही न बोलता? सर्वांत अवघड मजकूर सर्वांत एकट्या वाचकाच्या गळ्यात टाकणारी ही व्यवस्था मला उलटी वाटते.

दुसरी बाजू म्हणते, ज्याला जे भावले ते त्याच्यासाठी खरे. हिच्यावर फार शाई खर्च करायला नको. सगळीच उत्तरे बरोबर असतील तर एकत्र बसायचे कारण उरत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. गट बसला म्हणजे आपोआप दुरुस्ती होते, हा भ्रम आहे. अमेरिकन अभ्यासक मार्क ॲलन पॉवेल यांनी लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या, म्हणजे वडिलांकडून वाटा घेऊन तो परदेशी उडवणाऱ्या मुलाच्या, दाखल्यावर एक साधा प्रयोग केला. लोकांनी दाखला वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि तो आठवून जोडीदाराला सांगायचा. 100 अमेरिकन वाचकांपैकी जेमतेम 6 जणांनी दुष्काळाचा उल्लेख केला. पुढे रशियात सेंट पीटर्सबर्गला 50 जणांकडून हेच करून घेतले तेव्हा 42 जणांनी दुष्काळ सांगितला. 1941 ते 1944 ह्या काळात त्या शहराला वेढा पडला होता आणि लाखो माणसे भुकेने मेली होती. तिथल्या वाचकाला दुष्काळ विसरता येत नाही. मजकुरात दोन्ही गोष्टी लागोपाठच्या वचनांत आहेत. तेराव्यात मुलगा पैसा उधळतो, चौदाव्यात त्या देशात मोठा दुष्काळ पडतो. एका गावाने पाप वाचले, दुसऱ्याने आपत्ती.

आता ते शंभर अमेरिकन एकमेकांशी महिनाभर बोलत बसले असते तरी दुष्काळ सापडण्याची शक्यता कमीच होती. एकाच वयाच्या, एकाच कमाईच्या, एकाच मंडळीतल्या माणसांचे डोळे एकाच ठिकाणी मिटतात. म्हणून गट जमवताना मैत्री बघण्यापेक्षा फरक बघावा. अन्यायी कारभाऱ्याचा दाखला घ्यायचा असेल तर हिशेब लिहिण्याचे काम केलेला एक जण हवा, कर्ज फेडत असलेला एक हवा आणि कोणाला तरी पैसे उसने देऊन अडकलेला एक हवा. नोकरी गेलेला कोणी असेल तर तिसऱ्या वचनातली ‘मी काय करू?’ ही ओळ तो वेगळ्या आवाजात वाचेल. धर्मशास्त्र शिकलेली एकच व्यक्ती पुरे. दोन असल्या की त्या एकमेकींशी बोलू लागतात आणि बाकीचे श्रोते होतात.

माणसे पाच ते आठ. नवव्या माणसापासून गप्प बसणाऱ्यांची संख्या वाढते. अवघड उताऱ्याला प्रत्येकी दीड तासाच्या दोन बैठका द्याव्यात, मध्ये आठवड्याचे अंतर ठेवावे. एका बैठकीत प्रश्न आणि उत्तर दोन्ही उरकायला गेले की घड्याळ प्रश्नांवरच कात्री चालवते. इतका वेळ प्रत्येक उताऱ्याला कोणी देणार नाही, देऊही नये. वर्षातून असे तीन-चार उतारे झाले तरी गटाची वाचायची सवय बदलते.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाला उतारा सुट्या कागदावर छापून द्यावा, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. मथळे काढून टाकावेत, वचनांचे आकडेही काढावेत. हा निव्वळ हट्ट नाही. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, ती स्टीफन लँग्टन ह्या इंग्रज धर्मपंडिताच्या नावावर आहे. नव्या करारातले वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन ह्या मुद्रकाने 1551 साली घातले. मथळे तर त्या त्या आवृत्तीच्या संपादकांचे. ‘अन्यायी कारभाऱ्याचा दाखला’ असा ठळक मथळा वर असला की निकाल आधी लागतो आणि खटला मागून चालतो. सोळा हा मोठा आकडा दिसला की पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राशी ह्या कारभाऱ्याचे नाते तुटते. वास्तविक तोही उधळतो आणि हाही उधळतो, मूळ ग्रीकमध्ये क्रियापदही तेच आहे. आकडे परत लागतात ते बोलताना वचन दाखवण्यापुरते. तेव्हा पुस्तक उघडावे.

उतारा दोन वेगळ्या आवाजांत मोठ्याने वाचावा. मग दहा मिनिटे कोणी बोलायचे नाही, जिथे अडखळले तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि शेजारी प्रश्न लिहायचा. ह्या दहा मिनिटांना लोक फार कंटाळतात. पण ती गाळली तर सर्वांत चपळ जिभेचा माणूस पहिला प्रश्न ठरवतो आणि पुढचा तासभर सगळे त्याच प्रश्नाभोवती फिरतात. बोलण्याचा क्रमही ठरलेला असावा. ज्याने बायबल सर्वांत कमी वाचले आहे त्याने आधी, पाळकाने किंवा प्रमुखाने सर्वांत शेवटी. यहुदी परंपरेने हे शहाणपण फार पूर्वी ओळखले होते. मिश्ना ह्या यहुदी नियमसंग्रहात सन्हेद्रिन, म्हणजे न्यायसभा, ह्या प्रकरणात नियम आहे की देहदंडाच्या खटल्यात मते बाजूने, म्हणजे कनिष्ठ सभासदांपासून, विचारायला सुरुवात करावी (4:2). ज्येष्ठ आधी बोलला तर कनिष्ठाला त्याच्याविरुद्ध जाणे अवघड होते, हे सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

ह्याच बैठकीत एक छोटे काम दिले की गटाची झोप उडते. प्रत्येकाने कागदावर एक आडवी रेघ मारायची. जिथे गोष्ट संपते आणि गोष्टीवरचे भाष्य सुरू होते, तिथे. मग कागद शेजारी शेजारी ठेवायचे. कोणाची रेघ ऐंशी लिहायला सांगितल्यानंतर असते, म्हणजे सातव्या वचनाशेवटी. कोणाची धन्याने वाखाणणी केल्यानंतर, आठव्याच्या मध्यावर. कोणाची ‘ह्या युगाचे पुत्र प्रकाशाच्या पुत्रांपेक्षा शहाणे असतात’ ह्या वाक्यानंतर. कोणी ती थेट नवव्यानंतर मारतो. रेघ सातव्यानंतर मारली तर वाखाणणी करणारा ‘धनी’ हा दाखल्यातला श्रीमंत माणूस न राहता येशू असू शकतो. रेघ खाली सरकली की तो श्रीमंत माणूसच राहतो. आपण उतारा नुसता वाचत नाही, जिथे तिथे निर्णय घेत जातो, हे ह्या एका रेघेने कळते. व्याख्यानाने ते इतके स्वच्छ कळत नाही. टीकाकारांतही ह्या रेघेवर एकमत नाही, पण ते गटाला आधी सांगू नये.

मग प्रश्नांची वाटणी करायची. काही प्रश्नांचे उत्तर उताऱ्यातच असते. कर्ज कोणाचे होते? पाचव्या वचनात कारभारी स्वच्छ विचारतो, माझ्या धन्याचे तुला किती देणे आहे? काही प्रश्नांना बाहेरची माहिती लागते. शंभर मापे म्हणजे किती? आणि काहींचे उत्तर कुठेच नाही. धन्याने ते बदललेले कागद पुढे मान्य केले का? हा तिसरा ढीग फार मोलाचा, कारण गट बहुतेक वेळा इथेच कल्पनेने भर घालतो आणि थोड्या वेळाने ती भर मजकूर असल्यासारखी बोलू लागतो. पहिल्या बैठकीत एकही स्पष्टीकरण द्यायचे नाही. जाताना दुसऱ्या ढिगातला एकेक प्रश्न प्रत्येकाने घरी न्यायचा.

दुसऱ्या बैठकीत स्पष्टीकरणे समोर येतात. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारायचे. हे उताऱ्यातल्या कोणत्या शब्दांवर उभे आहे, आणि कोणत्या शब्दांवर अडखळते?

समजा कोणी म्हणाले, कारभाऱ्याला गरीब कर्जदारांची दया आली. ऐकायला गोड. पण घरी पाठवलेला प्रश्न इथे कामाला येतो. तेलाचे माप म्हणजे बथ, सुमारे बावीस लिटरचा, काही अंदाजांनी त्याहून मोठा. शंभर बथ म्हणजे दोन हजार लिटरच्या वर तेल. गव्हाचे माप कोर, आणि यहेज्केलच्या 45व्या अध्यायानुसार एका कोरात दहा बथ. म्हणजे शंभर कोर वीस हजार लिटरच्या पुढे जातात. हा चुलीपुरता उसना घेतलेला जिन्नस नव्हे. ही मोठ्या कुळांची किंवा व्यापाऱ्यांची देणी आहेत. शिवाय चौथ्या वचनात हेतू उघड आहे, लोकांनी मला आपल्या घरांत घ्यावे. दया गळाली.

दुसरे स्पष्टीकरण असे की कारभाऱ्याने स्वतःची दलाली सोडली, धन्याचे काहीच गेले नाही. वाखाणणी ह्याने छान सुटते. पण ‘माझ्या धन्याचे देणे’ ह्या शब्दांवर ते अडते आणि उताऱ्यात दलालीचा शब्द नाही. तिसरे म्हणजे जे. डंकन एम. डेरेट ह्या अभ्यासकांनी 1961 साली मांडलेले, की कागदावरच्या रकमेत छुपे व्याज मिळवलेले होते आणि कारभाऱ्याने ते उतरवले. बायबलच्या निर्गम (22:25), लेवीय (25:36-37) आणि अनुवाद (23:19-20) ह्या पुस्तकांत आपल्या बांधवाकडून व्याज घ्यायला बंदी आहे. तेव्हा हे उतरवणे नियमाला धरूनच झाले आणि धन्याला चारचौघांत तक्रारही करता येईना. हे फार हुशार स्पष्टीकरण आहे आणि गटाला ते हमखास आवडते, कारण त्यामुळे कारभारी सज्जन ठरतो. आवडते म्हणूनच ते जास्त ताणून बघावे. व्याजाचा उल्लेख उताऱ्यात कुठे आहे? नाही. मग आठव्या वचनात त्याला अन्यायी का म्हटले? पहिल्या वचनातल्या उधळपट्टीसाठी, असे उत्तर देता येते. ते उत्तर चालण्यासारखे आहे, पण भक्कम नाही.

चौथे स्पष्टीकरण उघडेवाघडे आहे. त्याने फसवले, आणि धन्याने फसवणुकीची नव्हे तर चलाखीची दाद दिली. आठव्या वचनातले ‘शहाणपणाने वागला’ हे शब्द ह्याच्या बाजूने आहेत. अडचण एवढीच की पन्नास टक्के तेल गमावलेला माणूस दाद देईल का? इथे एखादा सावध वाचक लूक 18:6 काढतो. अन्यायी न्यायाधीशाची गोष्ट संपल्यावर ‘प्रभू म्हणाला’ असे तिथे येते आणि तो प्रभू म्हणजे येशू. तसेच इथे असेल तर दाद धन्याची नव्हे, येशूची. मग दुसरा वाचक बोट ठेवतो की तिसऱ्या आणि पाचव्या वचनांत धनी म्हणजे तो श्रीमंत माणूसच आहे, मध्येच व्यक्ती बदलेल कशी? ही खरी चर्चा. दोघांनीही पानाच्या बाहेर पाऊल टाकलेले नाही.

इथे पोचल्यावर उतारा पुढे-मागे वाढवावा, पंधराव्याच्या पहिल्या वचनापासून सोळाव्याच्या शेवटापर्यंत. तेव्हा दिसते की चौदाव्या वचनात धनलोभी परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, हे ऐकून नाक मुरडतात, आणि एकोणिसाव्यापासून दुसरा एक श्रीमंत माणूस येतो. त्याच्या दारात लाजर नावाचा भिकारी पडलेला असतो आणि त्या श्रीमंताने पैशाने एकही मित्र जोडलेला नसतो. नवव्या वचनातले ‘सार्वकालिक वस्ती’ हे शब्द त्या शेवटाशी ठेवून वाचले की कारभाऱ्याच्या दाखल्याची दिशा कळते, बारकावे मात्र तसेच अडलेले राहतात. माझ्या मते गटाने इथपर्यंत यावे आणि त्यात समाधान मानावे. त्यानंतर, आणि त्यानंतरच, भाष्ये उघडावीत, तीही एकमेकांशी न पटणारी दोन. एकच भाष्य उघडले की ते निकालपत्र होते.

बाहेरच्या माहितीबद्दल एक इशारा द्यायला हवा, कारण गटांचे सर्वाधिक नुकसान तिथे होते. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे मार्क 10:25 निघाले की कोणीतरी हमखास सांगते की यरुशलेमेत ‘सुईचे नाक’ नावाचा एक बुटका दरवाजा होता, उंटाला तिथे ओझे उतरवून गुडघ्यांवर जावे लागे. हे इतक्या उपदेशांतून आले आहे की कोणाला शंका येत नाही. येशूच्या काळात असा दरवाजा होता ह्याचा कसलाही पुरावा नाही, हे स्पष्टीकरण मध्ययुगातले आहे. पण ते पाडायला पुरातत्त्व लागतच नाही. पुढची दोन वचने वाचली की पुरे. सव्विसाव्यात शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचे होणार? बुटक्या दरवाजाने कोण थक्क होतो? सत्ताविसाव्यात येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे. गुडघ्यांवर जाणे अवघड असेल, अशक्य नव्हे. ह्या दरवाजाने एका भयंकर वाक्याचे नम्रतेच्या धड्यात रूपांतर केले आणि श्रीमंताला आत जायची फट ठेवली. अवघड वचन मऊ करणारी माहिती आली की गटाने विचारावे, ही कुठून आली, आणि हिच्यामुळे कोणाची सोय होते?

संदर्भवचनांचा पूर ही दुसरी व्याधी. शब्दसूची हाताशी असलेला एक जण ‘धन’ शब्दाची वीस वचने वाचतो आणि समोरचा उतारा बुडून जातो. आधी तेच पुस्तक, मग तोच लेखक, मग बाकीचे, इतका क्रम पाळला तरी भागते. मतदान तर अजिबात नको. पाच विरुद्ध दोन असा अर्थ ठरत नाही.

इफ्ताहाची मुलगी किंवा लेव्याची उपपत्नी ह्यांसारखे अध्याय घेताना मात्र पद्धतीहून माणूस मोठा. गटात कोणावर काय गुदरले आहे हे प्रमुखाला ठाऊक नसते. कोणता अध्याय घेणार हे आठवडाभर आधी सांगावे, न येण्याची मुभा द्यावी आणि न येणाऱ्याला कारण विचारू नये. ह्या अध्यायांत बचावाचे वकील फार तयार होतात, इफ्ताहाचा विश्वास किती मोठा वगैरे. त्यांना एकच प्रश्न पुरतो. शास्त्याच्या अकराव्या अध्यायात देवाने हा बळी मागितला असे कोणते वचन म्हणते? एकही नाही. देवाचे मौन तसेच वाचायला गटाने शिकले पाहिजे.

बैठकीचे टिपण ठेवायला एकाला नेमावे. टिपणात पटलेले अर्थ तर असावेतच, न पटलेलेही असावेत, कोणत्या शब्दावर ते अडले ह्यासह. मिश्नेतच एदुयोत प्रकरणात विचारले आहे की निर्णय बहुमताने होतो तर अल्पमत नोंदवायचे कशाला (1:5). पुढच्या एखाद्या न्यायसभेला ते पटले तर तिला त्याचा आधार घेता यावा, असे तिथे उत्तर आहे. दोन वर्षांनी तोच उतारा पुन्हा निघाला की आज एकाकी पडलेले मत कोणाला तरी उपयोगी पडेल.

राहिली शेवटची प्रार्थना. दोन बैठका शिस्तीत चालवून प्रमुख डोळे मिटतो आणि म्हणतो, ‘प्रभू, आज आम्हांला कळले की कारभाऱ्याने आपली दलाली सोडली...’ डोळे मिटलेल्या माणसांना हरकत घेता येत नाही. म्हणून ही प्रार्थना त्या दिवशी सर्वांत कमी बोललेल्या माणसाला करायला सांगावी, आणि तिच्यात उताऱ्याचा अर्थ सांगू नये असे आधीच ठरवून घ्यावे.